पाऊसबागेत काय लावायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

मी बेळगावात अनगोळला राहते. पत्र्यावरून पडणारं पाणी गटारात सोडायचं बंद केलं आणि अंगणात वीतभर खोल खड्डा काढला, त्या दिवशी शेजारच्या काकू कंपाउंडवरून म्हणाल्या, "खड्डा कशाला काढालाईस गे? पाणी मुरंना म्हणून आम्ही बोंबलालोय, आणि तू साठवालाईस!" आता त्यांच्याच दारात पाऊसबाग आहे. त्यांनी विचारलेले आणि पुढे लग्नाच्या पंगतीत, भाजी मार्केटात, फोनवर लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

1. पाऊसबाग म्हणजे तळंच ना?

नाही. गच्चीचं, कौलांचं, पत्र्याचं पाणी वळवून एका उथळ, खोलगट जागेत आणायचं आणि तिथंच जमिनीत मुरू द्यायचं, ती पाऊसबाग. खोली सहा ते आठ इंच. पाऊस उघडल्यावर एका दिवसात, फार तर दोन दिवसांत पाणी दिसेनासं झालं पाहिजे. तळ्यात पाणी राहावं म्हणून धडपडायचं असतं, इथं ते जावं म्हणून. वर्षातले आठ महिने ही जागा कोरडीच असते, आणि झाडांच्या निवडीत बहुतेकांची चूक इथंच होते (प्रश्न 4 पाहा).

2. माझ्या अंगणात पाणी मुरेल की नाही, हे कसं कळणार?

फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा काढा. एकदा पाणी भरून पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत रिकामा झाला तर जागा उत्तम. दोन दिवसांनंतरही पाणी असेल तर प्रश्न 13 वाचा.

ही परीक्षा मे महिन्यात घेऊ नका. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, त्या घागरीच्या घागरी पाणी गिळतात. मृग बरसून माती फुगली की तोच खड्डा चार चार दिवस तुंबतो. जूनच्या शेवटी, माती भिजल्यावर बघा.

घराच्या पायापासून किमान दहा फूट लांब राहा. वडगाव, खासबागेत ज्या घरांत अजून खड्ड्यात बसवलेला विणकामाचा माग आहे, त्यांनी मागाच्या भिंतीकडची बाजू सोडूनच द्यावी. ऑगस्ट 2019 च्या पुरात मागाच्या खड्ड्यांत पाणी शिरून काय झालं, ते तिथल्या लोकांना सांगायला नको. संडासाच्या टाकीपासूनही लांब, आणि पिण्याच्या विहिरीपासून पन्नासएक फूट तरी अंतर हवं.

3. केवढी करायची?

हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला की जवळजवळ 2300 लिटर पाणी खाली येतं. सहा इंच खोल, दीडशे ते दोनशे चौरस फुटांची बाग एवढं पाणी सामावते. जुलैत आपल्याकडे एका दिवसात याच्या दुप्पट पाऊस नवलाचा नाही, म्हणून जास्तीचं पाणी बाहेर पडायला एका कडेला दगड रचून वाट ठेवावीच लागते. एवढी जागा नसेल तर गच्चीच्या एकाच पन्हाळीचं पाणी घ्या. चार बाय सहा फुटांची बागही चालते. सगळं अंगण पेव्हर ब्लॉकनं भरलेलं असेल तर आधी दोन ओळी उखडायची तयारी हवी.

4. झाड निवडताना पहिली गोष्ट कोणती बघायची?

उन्हाळा. लोक नर्सरीत जाऊन "पाण्यात टिकणारं झाड द्या" म्हणतात आणि तिथंच फसतात. पाण्यात टिकणारी झाडं पुष्कळ आहेत. पण जुलैत दोन दिवस गळ्यापर्यंत पाण्यात आणि एप्रिलमध्ये तापल्या मातीत थेंबाशिवाय, असं दोन्ही सोसणारं झाड पाहिजे. ते तळ्याकाठी सापडत नाही. ते सापडतं शिवाराच्या बांधावर आणि हिवाळ्यात आटणाऱ्या ओढ्याच्या काठाला.

माझी पद्धत सांगते. मार्चमध्ये येळ्ळूरच्या बाजूला किंवा जांबोटीच्या वाटेवर आटलेल्या ओढ्याकाठी एक चक्कर मारा. जे हिरवं उभं आहे, त्याची मुळं खोल आहेत. जे वाळून काडी झालंय, त्याच्या बुडाची माती बोटानं उकरा. खाली कंद असेल तर ते मेलेलं नाही, झोपलंय. तिथंच जुलैत परत जा आणि कोण पाण्यात उभं आहे ते बघा. दोन्ही वेळा दिसलं ते तुमचं झाड. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही, नर्सरीतून अंब्रेला पाम आणला. जुलैत काय त्याचा रुबाब होता! फेब्रुवारीत रोज बादलीभर पाणी घालत होते. पाणी वाचवायला केलेल्या बागेला मी बोअरचं पाणी पाजत होते.

देशी झाडांचा आग्रह आहे तो एवढ्याचसाठी. वळीव, मृगाचा जोर, श्रावणातली ऊन-पावसाची रिपरिप आणि मग दिवाळीनंतर कोरडं, हे वेळापत्रक त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. भावनेचा प्रश्न नाही. देशी असूनही लावू नयेत अशीही झाडं आहेत (प्रश्न 10).

5. अगदी मध्ये, जिथं पाणी साठतं, तिथं काय?

पहिला मान वाळ्याला. माठात टाकतो तोच वाळा. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली दोन-तीन मीटर उतरतात, आणि त्या मुळांच्या वाटेनं पाणी खाली जातं. आपल्याकडं लागवडीला मिळणारा वाळा सहसा बियांनी पसरत नाही, त्यामुळे शेजारणीच्या शिव्या खाव्या लागत नाहीत. एक ठोंब फोडून आठ-दहा फुटवे काढा आणि वीतभर अंतरानं लावा. माठासाठी मुळं काढायचा मोह मात्र आवरा. मुळं काढली की ठोंब गेला.

दुसरा कोळशिंदा, ज्याच्या बियांना तालिमखाना म्हणतात. भाताच्या खाचराकडेला निळी-जांभळी फुलं घेऊन उभा असतो तो. पेऱ्यापेऱ्याला लांब काटे असतात, म्हणून लहान मुलं खेळतात तिथं नको. पण भिरभिरी जातीच्या फुलपाखरांच्या अळ्या त्याच्यावर वाढतात आणि दसऱ्यानंतर बाकी बाग मलूल झाली की याची फुलं सुरू होतात. मला तो आवडतो, काट्यांसकट.

सावली असेल तर कडेकडेनं पेव. जिन्यासारखं वळत जाणारं खोड, लाल बोंडातून येणारं पांढरं फूल. हिवाळ्यात वरचा भाग पूर्ण वाळतो. मेलं म्हणून उपटू नका, जमिनीत गड्डा जिवंत असतो आणि पावसाबरोबर परत येतो.

6. उतारावर आणि काठावर?

उतारावर तेरडा, रानहळद, रोशा गवत. रानहळदीचा कंद साठलेल्या पाण्यात कुजतो, म्हणून ती उताराच्या वरच्या अर्ध्यात.

काठावर निर्गुडी. एकच झुडूप लावायचं असेल तर हेच लावा. ओढ्यात पाय बुडवूनही उभी राहते आणि रस्त्याकडेच्या मुरमातही. शेळ्या तिला आणि अडुळशाला तोंड लावत नाहीत. ज्यांच्या दारावरून रोज कळप जातो त्यांना ही मोठीच सोय. तिच्या बाजूला कोरांटी, अबोली, धायटी. अबोली थोड्या सावलीत ठेवा. गजऱ्याला फुलं मिळतात आणि घरातल्या बायकांचा या खड्ड्याला असलेला विरोध निम्मा मावळतो.

7. कर्दळ तर देशीच आहे ना? सगळेच लावतात.

आपल्या आजीच्या मोरीमागेही कर्दळ होती, म्हणून तसं वाटतं. शास्त्रीय नावातही 'इंडिका' आहे. पण ती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. असेल तर उपटू नका, सांडपाण्याच्या कडेला ती कामाची आहे (प्रश्न 15). पाऊसबागेत मात्र तिला उन्हाळाभर पाणी लागतं आणि गड्डे पसरून ती वाळ्याची जागा खाते.

स्पायडर लिली आणि पिवळ्या फुलांची वेडेलिया याही तिकडच्याच. वेडेलिया एकदा शिरली की निघत नाही. घाणेरी आणि गाजरगवत तर आपोआप येतील, फुलायच्या आधी उपटत राहा.

8. ब्राह्मी लावली होती, फेब्रुवारीत वाळून गेली. काय चुकलं?

आधी कुठली ब्राह्मी ते सांगा. आपल्या बाजारात या नावानं दोन झाडं फिरतात. एकाचं पान छोटं, जाडसर, लांबुळकं आणि फूल पांढरं-निळसर. ती खरी ब्राह्मी, कन्नडमध्ये नीरुब्राह्मी. दुसऱ्याचं पान गोल, बेळगावच्या बाजारात जुड्या मिळतात ते ओंदेलगा, म्हणजे आपलं कारिवणा किंवा मंडूकपर्णी. 'ओंदेलगा' म्हणजे एकच पान, आणि देठावर खरंच एकेक पान असतं.

दोन्ही इथलीच, दोन्हींना सतत ओल लागते. पाऊसबाग दिवाळीनंतर कोरडी पडते, तेव्हा ती जाणारच. माझीही गेली. नळाखाली किंवा माठाच्या गळतीखाली लावा, छान येते.

9. नर्सरीत सगळी नावं कन्नडमध्ये. काय मागायचं?

वनखात्याच्या सामाजिक वनीकरण रोपवाटिकांत पावसाळ्याच्या तोंडावर सवलतीत रोपं मिळतात, पण यादी कन्नड असते. वहीत एवढं लिहून न्या: वाळा म्हणजे लावंच, निर्गुडी म्हणजे लक्की, अडुळसा म्हणजे आडुसोगे, करंज म्हणजे होंगे, जांभूळ म्हणजे नेरळे, कोळशिंदा म्हणजे कोळवळिके, तरवड म्हणजे आवरिके किंवा तंगडी. तामण म्हणजे होळेदासवाळ. 'होळे' म्हणजे नदी, 'दासवाळ' म्हणजे जास्वंद. नदीकाठची जास्वंद! नावातच झाडाचा पत्ता आहे.

एक सापळा आहे. अर्जुन हवा असेल तर 'होळेमत्ती' म्हणा. नुसतं 'मत्ती' म्हटलं की ऐनाचं रोप हातात पडतं. दोघे भाऊभाऊच, लहानपणी ओळखू येत नाहीत, पण नदीकाठचा तो अर्जुन. आमच्या ओळखीतल्या एकांनी सहा वर्षं ऐनाला अर्जुन समजून पाणी घातलं.

तेरडा, पेव, कोळशिंदा नर्सरीत सहसा नसतातच. ते कुणाच्या तरी परड्यातून मागून आणायचे.

10. देशी आहे, पण लावू नये असं काही?

लव्हाळा. पक्का इथला, आणि शेतकऱ्याला विचारा तो काय चीज आहे. जमिनीखाली गाठींची माळ धरतो, वरून कितीही उपटा. पाणकणीसही टाळा. त्याला कायम चिखल लागतो, आणि मिळाला तर दोन वर्षांत दुसरं काही उरत नाही.

कळलावीचं फूल देखणं, पण कंद जहाल विषारी. कण्हेरही विषारी. लहान मुलं, जनावरं असतील तर दोन्ही नकोत.

11. भीमगडच्या जंगलातून चार रोपं आणली तर काय बिघडतं?

अभयारण्यातून झाड उपटणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हे एक. शिवाय ती जगतही नाहीत. फुलं बघून भर पावसात रानहळद उपटली की कंद तुटतो. सड्यावरची चिमुकली फुलं तर कातळावरच्या बोटभर मातीतली, अंगणात येणारच नाहीत. खानापूरकडे कुणाचं माळरान, कुणाचा बांध असेल तर विचारून बी घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मूठभर बी आणलं तर झाडाचं काही जात नाही.

12. डास होतील, साप येतील. त्याचं काय?

डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा लागतो. पाणी दोन दिवसांत मुरलं तर अळी तिथंच मरते. डेंगीचे डास गच्चीवरच्या फुटक्या बादलीत आणि फ्रिजमागच्या ट्रेमध्ये जास्त होतात, आधी ते बघा. तिसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तळाला गाळ बसलाय, खुरपं मारा.

बेडूक येतील, हे नक्की. पहिल्या वर्षी रात्रभर झोप नाही, नंतर सवय होते. बेडकांमागे कधी एखादा दिवड किंवा धामण येते, दोन्ही बिनविषारी. वाळा आणि गवत दारापासून, पायवाटेपासून लांब ठेवा, फेब्रुवारीत गुडघ्याएवढं छाटा आणि रात्री बॅटरी घेऊन फिरा.

13. आमची काळी जमीन आहे, चिकोडी-अथणीकडची. जमेल का?

जमेल, पण उलट्या अंगानं विचार करा. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला जुलैच्या एका पंधरवड्यात पडून जातो तेवढा पाऊस अथणीला वर्षभरात, साधारण 500 ते 600 मिलिमीटर. तुमचा प्रश्न जास्त पाण्याचा नाही. चार जोरदार सरींचं पाणी धरून ठेवायचा आहे.

काळी माती हळू पिते. म्हणून खोली सहाऐवजी तीन-चार इंच आणि रुंदी दुप्पट. नुसती वाळू मिसळू नका, मातीचा गोळा होतो. कुजलेलं शेणखत भरपूर घाला. पायापासून अंतर दहाऐवजी पंधरा फूट ठेवा, कारण ही माती फुगते-आकसते आणि भिंतीला तडे देते. तळाला वाळा, उतारावर रोशा गवत, काठावर निर्गुडी, कोरांटी आणि उंच कोरड्या कडेला तरवड. पेव, रानहळद विसरा, ती घाटाकडची मंडळी.

घाट आणि काळी जमीन यांच्या मधल्या पट्ट्यातल्या तांबूस मसारी जमिनीला प्रश्न 5 आणि 6 जसेच्या तसे लागू.

14. पाऊस नसतानाही खड्डा खालूनच भरतो. हे काय?

वडगाव, शहापूर, अनगोळकडून दर पावसाळ्यात हा प्रश्न येतो. तुमचं घर जुन्या भाताच्या शिवारात आहे. बासमती पिकायची ती जमीन. बळ्ळारी नाला फुगला की आजूबाजूच्या विहिरींचं पाणीही हाताला लागेल एवढं वर येतं. तिथं खड्डा काढला की पाझर लागतो. खाली जमीन आधीच भरलेली असेल तर वरचं पाणी मुरणार कुठं?

इथं पाऊसबाग करू नका. खणायचं सोडून माती वर चढवा, निर्गुडी आणि तामण उंचवट्यावर, आणि सखल कोपऱ्यात जे येतं ते मान्य करा. कोळशिंदा, कारिवणा, खरी ब्राह्मी इथं मजेत राहतील. प्रश्न 8 मध्ये ज्यांची ब्राह्मी वाळली, त्यांना तुमच्याकडची जुडी द्या.

15. मोरीचं, वॉशिंग मशीनचं पाणी यातच सोडू का?

नको. साबणाचं पाणी बारा महिने येतं, मग ती पाऊसबाग राहत नाही आणि डासही होतात. त्याला वेगळी चारी काढून अळू, केळ, कर्दळ लावा. खाण्याचा अळू मात्र त्या पाण्यावरचा नको.

16. मोठं झाड लावलं तर?

जागा असेल तर एकच, आणि खड्ड्यात नाही, कडेला. छोट्या प्लॉटला तामण सर्वांत बरा. मे महिन्यात जांभळ्या फुलांनी भरतो. करंजाची मुळं आसपास फुटवे काढतात. अर्जुन आणि जांभूळ शेतघराला शोभतात, तीस-चाळीस फुटी प्लॉटवर ते भिंत मागतील. उंबर आणि वाळुंज घराजवळ, पाइपाजवळ मुळीच नको. पाणी कुठं आहे ते त्यांच्या मुळांना बरोबर कळतं.

17. लावायचं कधी? उन्हाळ्यात पाणी घालायचं की नाही?

पाणी मुरायची परीक्षा (प्रश्न 2) आदल्या पावसाळ्यात, खणणं एप्रिलमध्ये, वळवाच्या आधी. निर्गुडी, वाळा, अडुळसा जूनमध्ये माती एकदा मनापासून भिजली की. पन्हाळीचं पाणी जिथं पडतं तिथं मोठे दगड टाका, नाहीतर आषाढातला पहिला लोंढा रोपं घेऊन गटारात जातो. नाजूक रोपं गणपतीच्या सुमारास लावली तरी चालतात. पालापाचोळ्याचं आच्छादन पाण्यावर तरंगतं, म्हणून तळाला जाड खडी, पाचोळा फक्त काठावर. युरिया, डीएपी काही नको.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी द्या. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एक-दोनदा. तिसऱ्या उन्हाळ्यात एखादं झाड पाणी मागत असेल तर ते चुकीचं झाड आहे, बदला.

18. गौरीला तेरडा घरचाच मिळेल का?

मिळेल, आणि भरपूर. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण झाडाची वहिवाट चांगली दहा-वीस वर्षं टिकते, एकदाच बी पडू द्या. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की ते फाटकन फुटतं, कडा आत वळतात आणि बी हातभर लांब उडतं. बी धरायचं तर बोंड फुटायच्या आधी मुठीत घेऊन मग दाबा. मे महिन्याच्या शेवटी उतारावर फेका, माती ओढू नका. पहिल्या पावसानंतर आठवड्यात रोपं दिसतात आणि भाद्रपदात गौरी आणायच्या दिवशी कमरेएवढी होऊन फुललेली असतात.

गौरीसाठी मुळासकट उपटतात. म्हणून खड्ड्याच्या वरच्या बाजूची, पाणी जिथून येतं तिथली पाच-सहा झाडं त्या दिवशी राखून ठेवा. मुलींना आधीच दाखवून ठेवा, कुठली घ्यायची आणि कुठली नाही. आमच्याकडे राखलेल्या झाडांना लाल दोरा बांधतात. मागच्या वर्षी काकूंनी नेमका दोरा बांधलेलाच तेरडा नेला, म्हणाल्या, "मला वाटलं गौरीसाठीच बांधलाईस." यंदा दोरा हिरवा आहे.